आधी ओळखायचं, आपण कुठे आहोत

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी, भर दुपारी घडलंय हे.

भावजी प्रोग्रामर. लेकीला झोपवायला त्यांनी स्वतःच्या आवाजात गोष्ट रेकॉर्ड केली आणि ती वाजवणारा छोटासा प्रोग्राम लिहिला. तो लिहायचे थोडा घरी, थोडा ऑफिसात. घरच्या लॅपटॉपची सिस्टिम विंडोज, ऑफिसातल्याची लिनक्स. म्हणून तो प्रोग्राम आधी ओळखायचा, आपण कुठल्या सिस्टिमवर आहोत. मग स्क्रीनवर यायचं, 'घरी आहे' किंवा 'ऑफिसात आहे'. आणि गोष्ट सुरू.

"परक्या घरात न विचारता पाऊल टाकू नये," ते म्हणायचे.

एका संध्याकाळी ते ऑफिसातून निघाले. वाटेत अपघात.

घरी पोचलेच नाहीत.

तीन वर्षांच्या लेकीला त्या आवाजाशिवाय झोप येईना. ताई रोज दुपारी लॅपटॉप उघडायची. 'घरी आहे.' गोष्ट. झोप.

आणि एका दुपारी अक्षरं उमटली...

'ओळख पटत नाही. कुठे आहे?'

गोष्ट नाही. आवाज नाही. लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं.

ताईचा धाकटा दीर धावत आला. तोही त्याच लाइनमधला.

"वहिनी, सिस्टिम तीच आहे. काही बदललेलं नाही." कोड वाचता वाचता त्याचा आवाज उतरला. "आणि हे वाक्य... दादाने लिहिलेलंच नाही."

"मग आलं कुठून?"

"देव जाणे. मी ओळखण्याचा भागच काढतो. गोष्ट थेट वाजेल."

त्याने तो भाग काढला. ताईने बटण दाबलं.

शांतता...

मग भावजींचा आवाज. दमलेला.

"अगं... मी कुठे आहे?"

दिराने कीबोर्डवरून हात काढून घेतले.

'घरी' हा शब्द ताईच्या ओठांपर्यंत आला होता. पण मांडीवर लेक होती. बोलावलं आणि खरंच आले तर? आणि 'तुम्ही आता नाही आहात' हे तरी कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने पदर तोंडात कोंबला.

उत्तर लेकीनेच दिलं.

"बाबा, तू घरी आहेस."

गोष्ट सुरू झाली.

त्यानंतर ती कधीच अडली नाही. "वहिनी, पुसून टाकू का?" दीर अधूनमधून विचारतो. "राहू दे थोडे दिवस," ताई म्हणते. माझ्या बाळाला घेऊन मी मात्र दुपारची तिथे थांबत नाही.

लेक आता भिंतीला चिकटून झोपते. पलंगाची दुसरी बाजू रिकामी ठेवते. ताई एकदा तिथे टेकायला गेली, तर पोर कुजबुजली...

"आई, हळू. बाबाला आत्ताच झोप लागलीय."

ताई तेव्हापासून खाली, फरशीवर झोपते.