मधलं नाव

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर माकुणसारला सावेंच्या वाडीत जाऊन विचारा. चहा मिळेल.

शेवट आधीच सांगतो. दिनानाथ सावे वारले.

आता हे विसरा. ते जेवून ओटीवर जरा आडवे झालेत, असं धरून चाला. त्यांचा मुलगा धीरजही तसंच धरून चाललाय.

गेल्या डिसेंबरातला रविवार. धीरज मनोरपलीकडच्या रानात रानपिंगळा बघायला गेला होता. हे चिमुकलं घुबड भर दिवसा बोलतं. लवकर उठावं लागत नाही, म्हणून धीरजला त्याच्याबद्दल आदर होता. रान सागाचं, पण स्टेटसवर त्यानं 'ट्रॉपिकल रेनफॉरेस्ट' टाकलं. बोईसरच्या कारखान्यात तो क्वालिटीला. समोर येईल ते रिजेक्ट करायची सवय. माणसंसुद्धा.

सोबत आत्येबहीण हेमांगी होती.

"ए धी..." ती मधेच थांबली. "ए, वर बघ."

फांदीवर पिंगळा. मूठभर. पिवळे डोळे.

"माझं नाव विसरलीस काय?"

"पिंगळ्यापुढं नाव नाय घेत. तो शिकतो, नि मंग हाका मारतो. ओ दिली की माणूस गेला."

"तू एम.एस्सी. ना गं?"

"हाय ना. तरी नाय घेत."

धीरज एवढा हसला की कॅमेरा हलला. मग फांदीखाली उभा राहून, बँकेच्या खिडकीवर सांगतात तसं त्यानं खणखणीत सांगितलं, "धीरज दिनानाथ सावे. पाठ कर."

पिंगळ्यानं मान वाकडी केली...

रान गप्प झालं. किडेसुद्धा.

मग वरून आवाज आला...

"दिनानाथ."

फक्त मधलं.

आवाज धीरजचा होता.

हेमांगीनं त्याचा दंड धरला. धीरज म्हणाला, "उच्चार बरा आहे. पास." पण लेन्सचं झाकण त्याला काही केल्या बसवता येईना.

मनोर नाक्यावर रेंज आली आणि लगेच आईचा फोन.

"धीरज, तू वाडीत आलावतास काय रे?"

"नाही. का?"

"बाबा जेवताजेवता 'ओ' म्हणाले. मी म्हटलं, कोनाला ओ देता? तर म्हणाले, धीरज हाय. बापाला नावानं हाक मारतो, शेफारलाय. नि उठून गेले. हातपण नाय धुतला..."

बाबा वाडीतल्या चिकूखाली सापडले. हात खरकटाच. तोंडावर अजून मुलावरचा राग.

तेरावं झालं.

आता रोज दुपारी वाडीतून हाक येते. धीरजच्या आवाजात. धीरज घरात, तोंडावर हात दाबून बसलेला असतो तेव्हाही.

त्याचं एक वेळ सोडा.

रिकाम्या ओटीवरून कोणीतरी वैतागून म्हणतं...

"ओ."

धीरजनं वनखात्याला अर्ज दिलाय. पोच मिळाली आहे. शेवटचा परिच्छेद असा:

'तरी सदर पक्ष्यास अर्जदाराचे मधले नाव वापरण्यास मनाई करण्यात यावी. ते शक्य नसल्यास, अर्जदाराच्या वडिलांना ओ देण्यातून कायमस्वरूपी सूट मिळावी, ही नम्र विनंती.'