शरीराइतकी ऊब

ताईला कुणी कामाबद्दल विचारलं, की ती हसून सांगायची, "हृदयाच्या चिमूटभर मांसात किती जोर उरलाय ते मोजते." खरं काम त्याहून बरंच रुक्ष होतं. शस्त्रक्रियेत काढलेले हृदयाच्या स्नायूचे तुकडे प्रयोगशाळेत यायचे, दगडासारखे गोठवलेले. त्यातला एखादा कण घ्यायचा, बर्फात बसवून त्याचा अर्क काढायचा, आणि काचेच्या कुपीत घालून यंत्रात ठेवायचा. यंत्राच्या पोटात कुपी शरीराइतक्याच उबेत राहते. वरून थेंबभर खाद्य घातलं की अर्कातलं एन्झाइम कामाला लागतं आणि पडद्यावर एक रेघ चढू लागते. या खाद्याला तिथे सगळे 'चारा' म्हणत. प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग मुद्दाम उकळून मारायचा. त्याची रेघ आडवी राहिली, तर मोजणी खरी. आणि एकदा वितळलेला तुकडा परत गोठवायचा नाही, कारण मग त्यात काही उरत नाही.

ताईचे बाबा शिंपी. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या हृदयाची जाड झालेली भिंत छाटावी लागली. छाटलेला तुकडा संशोधनाला दिला तर चालेल का, असं डॉक्टरांनी आधी विचारलं होतं. "न्या की," बाबा म्हणाले होते, "कापड बेतलं की कातरण उरणारच."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. फक्त तेव्हापासून बाबांना थंडी सोडेना. बाहेर अंगाची काहिली होत असताना ते तपकिरी स्वेटर घालून बसायचे. तपासण्या सगळ्या चोख. "मला फ्रीजमध्ये ठेवलंत तरी फरक कळायचा नाही," असं ते म्हणायचे आणि सगळे हसायचे. पण त्यांच्या बोटांत सुई ठरेना, आणि झाकण घातलेल्या शिलाई मशीनकडे बघून आईचे डोळे भरून यायचे.

एका दुपारी ताईने नवा नमुना काढला. नमुन्यावर नाव नसतं, नुसता आकडा असतो; तो कुणाचा हे विचारायचं नाही असा तिथला दंडक. रेघ अशी झोकात चढली, की शेजारच्या टेबलावरून घाईबाई उठून बघायला आली. कुठलंही काम दिसलं की ते उरकून टाकायची तिला खोड, म्हणून हे नाव. मनाने मात्र सोनं.

संध्याकाळी ताई घरी आली तर आई हरखलेली. "अगं, दुपारी एकदम म्हणाले, उकडतंय! स्वेटर काढला आणि पडद्यांना दुमड घालून दिली." बाबा तोवर पुन्हा स्वेटरात शिरले होते.

पुढच्या आठवड्यात ताईने त्याच नमुन्यातला दुसरा कण लावला, आणि त्या दुपारी बाबा जिना उतरून कोपऱ्यापर्यंत फिरून आले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं म्हणून ताईने तो विचार झटकला.

मग त्या नमुन्याचा उकळायचा भाग तिने नळीत भरून उकळत्या पाण्यात सोडला, आणि फोन वाजला.

"लवकर ये गं," आईचा आवाज कापत होता. "छाती धरून बसलेत. आत कुणीतरी पाणी उकळतंय म्हणतात."

ताईने हातानेच नळी बाहेर ओढली. बोटं भाजली.

"थांब, थांब," आई म्हणाली. "ओसरलं म्हणतात."

ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर तीच पहिल्यांदा हसली असती. मसुराएवढा तुकडा उरला होता. तो तिने फ्रीजरच्या तळाशी सारला आणि डबीवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली.

बाबा गारठत राहिले. एकदा तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "त्या दोन दुपारी फार बऱ्या गेल्या बघ. तशी आणखी एक मिळाली, तर पुढचं काही मागणार नाही." ताईला रडू आवरेना. त्यांना ऊब द्यायची म्हणजे उरलेलं संपवायचं, आणि जपायचं म्हणजे असंच थंडीत ठेवायचं. ती भित्री होती. तिने जपायचं ठरवलं.

आईचा पाय मुरगळला म्हणून ताईने रजा घेतली, त्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज आला. ती धावत गेली. बाबा बनियनवर बसले होते. डोक्यावर पंखा गरगरत होता. ताईच्या प्रयोगशाळेतल्या कोटाचा फाटलेला खिसा ते शिवत होते.

"ये बाळ," ते म्हणाले. "आज अंगात काय संचारलंय कोण जाणे!"

त्यांचे गाल लाल झालेले बघून ती खुदकन हसली. मग तिला फ्रीजरच्या तळाशी सारलेली डबी आठवली, आणि हातातला फोन वाजला.

"रागावू नकोस हं ताई," घाईबाई म्हणाली. "फ्रीजर साफ करताना तुझी डबी सापडली. म्हटलं, ही रजेवर, उरकून टाकू."

"चिठ्ठी होती ना त्यावर!"

"ती परक्यांसाठी. मी काय परकी आहे? सगळाच तुकडा लावलाय. रेघ बघायला हवी होतीस! थोडा अर्क बाजूला ठेवलाय, तो उकळते आता."

"नको!" ताई एवढ्या मोठ्याने ओरडली की बाबांनी मान वर केली. "उकळू नकोस. तोही कुपीतच घाल. आणि चारा घालत राहा."

"किती?"

"आहे तेवढा."

बाबा पुन्हा खिशाकडे वळले. मशीन मजेत चाललं होतं.

"चढतेय," घाईबाई म्हणाली.

ताई दाराला टेकून बाबांचे पाय बघत राहिली.

"आता मंदावली जरा. पुन्हा घातला बघ."

बाबांचे पाय सावकाश हलत होते. "एवढा काठ राहिलाय," ते पुटपुटले.

"चारा संपला गं."

बाबांनी सुई वर घेतली, दोरा दातांनी तोडला, आणि कोट झटकून तिच्या हातात दिला. खिसा पक्का झाला होता.

"तो पंखा बंद कर," ते म्हणाले. "आणि माझा स्वेटर बघ कुठे आहे."

ताईने पंखा बंद केला. खोलीत सगळं शांत झालं, आणि फोनमधला आवाज स्वच्छ ऐकू आला.

"ताई, रेघ आडवी झाली. कुपी धुऊन टाकू ना?"