निळ्या फुलांची चहादाणी

"टॅलिथा, हाही कप बुडाला फुटकाच आहे!" एझरा ओरडला.

बारा वर्षांची टॅलिथा धाकट्या भावाशेजारी गुडघ्यांवर बसली. ओकच्या झाडांखाली शिंपले, बशा आणि कप मातीत अर्धे रुतले होते आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला एकच भोक होतं. "कचरा असा मोजूनमापून कोण फोडतं रे?" ती म्हणाली.

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या जुन्या कापसाच्या मळ्यातला तो पांढऱ्या खांबांचा बंगला आता पाहुण्यांना राहायला आणि सकाळच्या न्याहारीला मिळत असे. टॅलिथाच्या पणजीची आजी डायना लहानपणी इथे गुलाम होती आणि पुढे इथेच वारली. एकदा तिच्या थडग्यापाशी बसायचं, एवढ्यासाठी नव्वदीची पणजी घरच्या सगळ्यांना घेऊन आली होती. पण मॅनेजर प्रुइट यांनी कालच हात झटकले होते. "इथे थडगं-बिडगं नाही, मॅडम. एक दगडसुद्धा नाही." आज न्याहारीआधीच ओकखालचा तो 'कचरा' सपाट करून ते गाड्या लावायला जागा करणार होते.

टॅलिथाने कप घेऊन पणजीच्या खोलीकडे धूम ठोकली. कप बघताच पणजीने त्याच्या बुडाचं भोक बोटाने चाचपलं.

"अगं, दगड कुणाला परवडत होता? गेलेल्या माणसाने शेवटचं वापरलेलं भांडं थडग्यावर ठेवायचं आणि त्याच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे घरातली मरणाची साखळी तुटते. आजीच्या थडग्यावर चहादाणी ठेवली होती, असं आई सांगायची. निळ्या फुलांची, तोटी मोडलेली."

तेवढ्यात एझरा धापा टाकत आला. "ट्रॅक्टर आला! प्रुइट ऐकतच नाहीत. म्हणतात, खेळ दुसरीकडे मांडा."

"आपलं नाही ऐकणार," टॅलिथा म्हणाली, "पाहुण्यांचं मात्र मुकाट्याने ऐकतील." व्हरांड्यातली न्याहारीची घंटा काढून घेत ती पळाली.

ओकखाली घंटा घणघणली. भुकेले पाहुणे सपाता फटफटवत तिकडे धावले आणि पाहता पाहता ट्रॅक्टरच्या वाटेत बाराजण उभे राहिले. ड्रायव्हरने गुपचूप इंजिन बंद केलं.

"हा काय चावटपणा?" प्रुइट गरजले. "न्याहारी आत आहे!"

"पण थडगी इथे आहेत, साहेब," टॅलिथा म्हणाली आणि तिने हातातला कप सगळ्यांना दाखवत पणजीचं बोलणं सांगून टाकलं.

"निळी फुलं!" मुळांपाशी खरवडणारा एझरा किंचाळला.

पणजी टॅलिथाच्या बाबांचा हात धरून सावकाश आली. तिने तोटी मोडलेल्या चहादाणीवर तळवा ठेवला. "सापडलीस गं बाई," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

पाहुण्यांनी टोप्या काढल्या. प्रुइटांनी मान खाली घालून ट्रॅक्टर परत पाठवला. "मी आधी विचारायला हवं होतं," ते पुटपुटले.

पणजीने दोन्ही पोरांना जवळ ओढलं. "मोठ्यांनी कचरा म्हटलं, तुम्ही मात्र वाकून पाहिलंत. शाब्बास रे! या मळ्यात घंटा झाली की आजी कामाला पळायची. आज तिच्यासाठी सगळे पळत आले."

त्या दिवशी न्याहारी ओकखालीच झाली. मक्याच्या गरम पेजेची पहिली वाटी प्रुइटांनी स्वतः आणून चहादाणीशेजारी ठेवली.