पलंगावरचा दिवा

मास्तरांच्या गाडीतले दिवे लागत नव्हते, म्हणून मला बोलावलं. एवढंच काम. सकाळी दहाला हात घातला तर जेवायच्या आत आटपायला पाहिजे होतं.

गाडी म्हणजे मोटरहोम. चाकांवरचं घरच की. पुढे चालवायची सीट, मध्ये छोटा ओटा आणि बाकडं, पार मागे आडवा पलंग. आत पाच दिवे. त्या दिव्यांची बॅटरी वेगळी असते, आणि या गाडीत ती मागच्या बाजूला, बाहेरून उघडायच्या कप्प्यात होती. बाहेर तारा बघणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. म्हणून हे काम दोघांचं. एकाने बाहेर तार जोडायची आणि ओरडायचं, "आली का?" दुसऱ्याने आतून सांगायचं, लाइट आली, नाहीतर नाही आली. माझ्याबरोबर आत कायम माझी बायको असते. मी तिच्यावर ओरडतो, ती माझ्यावर. वीस वर्षं असंच चाललंय.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर पडून होती. टायरांना जाळी लागलेली. मास्तरांनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले.

"आज घर रिकामं करून द्यायचंय," ते म्हणाले. "बदली झालीय माझी. तीन दिवसांचा रस्ता आहे, गाडीतच मुक्काम. ठमी मागच्या पलंगावर झोपेल. अंधाराला फार घाबरते ती. बाकीचे नाही लागले तरी चालतील, पण पलंगावरचा दिवा तेवढा..."

ठमी त्यांची पोरगी. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. बापाच्या मागे उभी होती, उशीला मिठी मारून.

"बंद कधीपासून आहेत?" मी विचारलं.

"झालं वर्ष. आधी लाइट गेली... मग ही गेली."

मी हसलो. "येतील हो परत! आमची दर महिन्याला जाते. चार दिवस स्वतःच्या हातचं खाल्लं की मी मुकाट्याने जातो आणायला."

मास्तरांनी पोरीचा हात धरला आणि ते समोर घराकडे गेले, सामान बांधायला. बायकोने मला कोपर मारलं.

"कळत नाही तर बोलावं कशाला माणसाने?"

"काय कळत नाही?"

"काही नाही. कामाचं बघा."

बघितलं. बॅटरी मेलेलीच होती, ती काढून मी माझी लावली. दोन फ्यूज उडालेले. एक तार उंदरांनी खाल्लेली. सगळं नीट केलं आणि हाक मारली, "आली का?"

"चार आल्या," बायको आतून म्हणाली. "पलंगावरची नाही."

"स्विच दाबलास का?"

"दाबला."

"नीट दाब!"

"दाबला म्हणते ना!"

"अक्कल गहाण ठेवलीस का? उलटा दाबला असशील!"

दाराचा धाडकन आवाज आला. म्हटलं, फुगली. फुगू दे. दोन मिनिटांत येते ताळ्यावर.

त्या दिव्याची तार मी शोधत शोधत गेलो. अर्थिंगचं टोक गंजून गळून पडलं होतं. साधी गोष्ट. घासलं, नवीन टोक बसवलं, आवळलं.

"आता आली का?"

वर पत्रा तापून टकटक करत होता.

"नाही..."

आवाज बारीक होता. रुसलेली बाई अशीच बोलते. मी फ्यूज बदलला. "आता?"

"नाही आली."

तार बदलली. पूर्ण नवीन ओढली, कप्प्यातून थेट दिव्याच्या जोडापर्यंत. घाम डोळ्यात जात होता. "आता तरी?"

"नाही... अंधारच आहे."

दुपारचा एक वाजला होता. बाहेर ऊन असं की लोखंडाला हात लावता येत नव्हता. पडदे ओढलेले असले म्हणून अंधार कसला? मी तारेत मीटर घालून बघितलं. करंट चालला होता. करंट जातोय म्हणजे दिवा जळतोय. तो जळल्याशिवाय करंट जाणार कुठे?

"लागलाय की गं! मीटर दाखवतंय मला!"

"नाही हो," आतून आलं. "कधी येईल?"

वीस वर्षांत माझी बायको माझ्याशी इतकं गोड बोललेली नाही. आणि तो गोडवाही नव्हता. घसा कोरडा पडलेलं माणूस पाणी मागतं ना, तसं होतं ते. पण मला राग आला की दुसरं काही ऐकू येत नाही. पक्कड आपटली, वळसा घालून गेलो आणि दार खेचलं.

पाचही दिवे लागलेले होते. लख्ख.

आत कोणी नव्हतं.

"कुठे लपलीस?" मी म्हटलं. माझाच आवाज मला बारीक वाटला. पलंगापर्यंत गेलो. औषधाचा वास येत होता, आणि फार दिवस न धुतलेल्या चादरीचा. वर्षभर बंद गाडीला येतो तो कुबट वास नाही. कोणी आत्ता अंगाखाली घेतलेल्या चादरीचा. दिव्याला बोट लावलं तर चटका बसला. जुना हॅलोजनचा बल्ब. एवढा तापलाय म्हणजे मघापासून जळत असणार.

म्हटलं, मधेच जातोय, मधेच येतोय. होल्डर ढिला असेल. तो दिवा पलंगावरच्या सामानाच्या फळीखाली, अगदी उशीच्या वर होता. खालून बघायचं तर उताणं पडावं लागतं. मी पडलो. डोकं उशीला टेकलं...

आणि काळोख.

बल्ब गेला नव्हता. त्याची ऊब माझ्या नाकावर पडत होती, कपाळावर पडत होती. पण उजेड नाही. पडद्याच्या कडेने उजेडाची रेघ येत होती, तीही नाही. हात डोळ्यांसमोर धरला. दिसला नाही.

मग कानाजवळ, अगदी त्याच उशीवरून...

"आली का?"

मी कोणाला घाबरून बोलणारा माणूस नाही. पण त्या वेळी तोंडातून जे आलं ते माझ्यात आहे हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आली, बाई. लागलाय दिवा. हा बघा, वरच आहे."

पुन्हा तिथूनच,

"मग मला का दिसत नाही?"

मी खाली पडलो की उडी मारली, आठवत नाही. डोकं उशीवरून सुटलं तसा उजेड अंगावर आला. बाहेर आलो तर समोरून बायको येत होती, हातात पाण्याचा तांब्या.

"तू... होतीस कुठे?"

"तुमच्या तोंडाला कंटाळून गेले मघाशीच. तासभर त्या पोरीच्या कपड्यांच्या घड्या करतेय. का? काय झालं? पांढरे का पडलात?"

तिच्या मागून मास्तर येत होते, दोन्ही हातांत पिशव्या. मला गोड बोलता येत नाही. सरळ विचारलं, "मास्तर, बाई कशा गेल्या?"

या वेळी मला त्या शब्दाचा अर्थ कळला होता.

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला काही..."

"ऐकू आलं. सांगा."

"याच गाडीने दवाखान्यात नेत होतो तिला. लांबच्या. वाटेत रात्री थांबलो आणि लाइट गेली. ती सारखी विचारायची, आली का, आली का. मी दिवसभर गाडी चालवून दमलेला. चिडलो. म्हटलं, सकाळी बघू, आता गप झोप." त्यांनी गाडीकडे पाठ केली. "सकाळ तिने बघितली नाही."

"पोरीला तिथे झोपवू नका."

"मग कुठे झोपवू? चार वाजता घराची किल्ली द्यायचीय."

"पुढच्या सीटवर झोपवा, खाली फरशीवर झोपवा! पलंग मी आत्ता उखडतो. तासाभराचं काम आहे."

"अहो, तिच्या आईचा पलंग आहे तो..."

"आईचाच आहे म्हणून सांगतोय!" मी ओरडलो. मास्तरही ओरडले. दोघेही बोलत होतो, कोणी ऐकत नव्हतं.

बायको मध्येच म्हणाली, "ठमी कुठे आहे?"

"बाबा," गाडीतून आवाज आला, "मी माझी उशी ठेवली. पण इथे लाइट का नाहीये?"

मी दारातून बघितलं. पोरगी पलंगावर उताणी पडली होती. दिवा तिच्या तोंडावर असा लख्ख की पापणीचा केस न् केस मोजावा. आणि ती हात वर करून चाचपत होती, अंधारात भिंत शोधावी तशी.

"खूप अंधार आहे, बाबा," ती म्हणाली. "पण मी आता नाही घाबरत."

मास्तर आत धावले. तिला उचललं, शेडच्या बाहेर उन्हात आणून उभं केलं. केस मागे सारले, गाल चाचपले. "दिसतंय ना तुला? ठमे, मी दिसतोय ना?"

"दिसताय की," ती हसली. "असं काय विचारता?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते तिला छातीशी धरून रडायला लागले. आम्ही दोघंही त्यांच्या मागोमाग उन्हात आलो होतो. पोरीचं तोंड त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे होतं, वर, उन्हाकडे. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पसरलेल्या होत्या. एवढ्या की बाजूला दुसरा रंगच उरला नव्हता. दुपारचं ऊन थेट आत जात होतं आणि पोरगी पापणी हलवत नव्हती.

बायकोनेही बघितलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. तांब्या खाली ठेवला, जवळ आली, माझी हनुवटी धरली, तोंड सूर्याकडे वळवलं आणि माझ्या डोळ्यांत बघितलं.

"डोळे मिटा," ती हळूच म्हणाली.

"का?"

"मिटा म्हणते ना..."

तिची बोटं थंड पडली होती. मी वर बघत होतो, सरळ सूर्यात. काही टोचत नव्हतं.