निळी जीप खिंडीपलीकडे

पहिला गिअर

खिंडीपलीकडच्या मोठ्या तळ्याकाठी मामाची खानावळ होती. तिच्या दारात आमची जीप नेऊन उभी करायची, एवढ्याचसाठी हा प्रवास!

"हा डबा खिंड ओलांडेल त्या दिवशी मिशी उतरवीन," असं मामा चारचौघांत बोलला होता. डबा म्हणजे गॅरेजवाल्या माझ्या बाबांनी भंगारातून उभी केलेली जीप. शब्द त्यांना झोंबले. पण नेमका त्यांचा उजवा हात प्लास्टरात, म्हणून स्टिअरिंग माझ्याकडे आलं.

"तू नुसती बस," बाबा म्हणाले. "कसं चालायचं ते गाडीला ठाऊक आहे."

दुसरा

उंच काळसर झाडांचं रान संपलं, मग उघडेबोडके कडे आले. रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यात चाकं रुतली, फिरली, निघाली. जीप टपापर्यंत चिखलाने माखली, पण चढत राहिली!

तिसरा

खिंडीच्या माथ्यावर एक छोटं हिरवं तळं होतं.

"थांबव! असलं थोबाड घेऊन मामासमोर जायचं?"

जीप उथळ पाण्यात घालायला लावून बाबा डाव्या हाताने तिला घासू लागले.

"बाबा, नवरीला एवढं नटवत नाहीत."

"नवऱ्या गल्लोगल्ली असतात. अशी गाडी एकच!"

निळा रंग लखलखला. आम्ही निघालो. माथा ओलांडला आणि उतार लागला.

पहिलं वळण. ब्रेक दाबला.

काही नाही!

"बाबा, ब्रेक धरत नाहीये!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ओले झाले... मीच भिजवले गं!"

डावीकडे दरी. खाली, खूप खाली, मोठं तळं.

दुसरा

गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं! खडी उडाली. मागचं चाक कडेला घासून परत आलं. बाबांनी प्लास्टरसकट हात हँडब्रेककडे नेला.

"हात काढा! खडीवर मागची चाकं घसरतील!"

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांवर ओरडले. त्यांनी हात काढला.

पहिला

पाय ब्रेकवर हलकाच ठेवला. घासू दे, तापू दे, सुकू दे. वळण. आणखी एक वळण! चाकांतून वाफ निघाली, करपट वास आला, आणि पायाखाली काहीतरी घट्ट झालं.

ब्रेकने धरलं!

जीप थांबली. बाबा समोर बघत म्हणाले, "गाडीला काहीच ठाऊक नव्हतं."

न्यूट्रल

जीपच्या ओल्या अंगावर वाटभर धूळ बसली होती. खानावळीपाशी तळ्याचं पाणी अगदी हाताशी होतं.

"धुऊ या का?" मी विचारलं.

"खबरदार!"

मामा हात पुसत बाहेर आला. "हा चिखलाचा गोळा कुठून आणलात?"

"गाडी काय बघताय, मेव्हणेबुवा?" बाबांनी प्लास्टरचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "भाची बघा!"

मामाने मला बघितलं, मग मान वर करून खिंड बघितली. आणि मिशी चाचपत वस्तरा शोधायला आत गेला!