सोबतीचे नऊ दिवस

सकाळी सव्वासात वाजता हेमांगी तोडकर चहाचं आधण ठेवत होती, तेव्हा तिच्या कानामागचा मणी कोमट झाला. तिने गॅस बंद केला आणि दाराची कडी काढून ठेवली. दहा मिनिटांत शेजारच्या नफीसाभाभी मुल्ला काखेत पांघरूण आणि हातात पोह्यांचा डबा घेऊन आत आल्या.

"पिवळा आलाय गं तुझा," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस. पहिले तीन दिवस मी राहते, मग बाकीचे."

"भाभी, गुरुवारच्या सुनावणीची तयारी करत होते. झोप कमी झाली, एवढंच आहे."

"असेल ना," भाभी मायेने म्हणाल्या आणि चहाचं भांडं तिच्या हातातून काढून घेतलं. "तू बस आता."

कराड शहरात मनाच्या आजारातून गेलेल्या चारशे जणांच्या कानामागे असे मणी होते. तांदळाच्या दाण्याएवढा हा मणी माणसाचं बोलणं, झोप आणि हाताचा कंप सतत टिपत असे. बोलण्याचा वेग थोडा वाढला, दोन शब्दांमधली विश्रांती थोडी घटली, तर एकट्या खुणेला काही अर्थ नसतो. पण मनाच्या आजाराची लाट येण्यापूर्वी साधारण नऊ दिवस या सगळ्या खुणा मिळून एका ठरावीक दिशेने सरकू लागतात, असं डॉ. यामिनी पैठणकर यांना आढळलं होतं. आकाश निरभ्र असताना वेधशाळेला वादळाची चाहूल लागते, तसंच हे. चाहूल लागली की मणी कोमट होई आणि निवडलेल्या पाच शेजाऱ्यांच्या फोनवरचा एरवी हिरवा असणारा ठिपका पिवळा होई. हे पाच जण म्हणजे त्या माणसाचं सोबतमंडळ. त्यांनी आळीपाळीने नऊ दिवस त्याच्या घरी राहायचं. इस्पितळ नाही, कुलूप नाही, जबरदस्तीची सुई नाही. फक्त त्या काळात त्याने गाव सोडायचं नाही, आणि त्याचा होकार किंवा नकार ग्राह्य धरायचा नाही. मणी काढला तरी ठिपका पिवळाच होई.

हा 'सोबत कायदा' व्हावा म्हणून हेमांगी स्वतः अकरा दिवस उपोषणाला बसली होती. ती साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे नमुने तपासायची. तिचं मन कधी असं उधाणायचं की झोप नकोशी व्हायची, आणि कधी तेच मन तळाला जाऊन बसायचं. चोविसाव्या वर्षी तिने सहा महिने मनोरुग्णालयात कुलपाआड काढले होते. ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. होकार-नकाराचं कलम तर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्यांच्या आंदोलनाच्या गटातली उज्ज्वला एकदा "मी ठीक आहे, तुम्ही जा," म्हणाली होती. सगळे गेले, आणि त्याच दुपारी तिने जीव दिला.

दुसऱ्या दिवशी हेमांगीने डॉ. यामिनींना बोलावून घेतलं. आंदोलनात दोघी एकाच सतरंजीवर बसल्या होत्या.

"यामिनीताई, तुमचा मणी चुकतो का कधी?"

"शंभरात सहा वेळा."

"हे कधी मोजलंत?"

"सुरुवातीला. तेव्हा आम्ही फक्त नोंद घ्यायचो, मदतीला कुणी जात नव्हतं."

"आणि कायदा आल्यावर?"

"आता मोजता येत नाही. पुराचा इशारा दिला आणि गाव हलवलं, तरी पाणी आलं की नाही हे दिसतं. इथे तसं नाही. आपण सोबतीला गेलो आणि आजार आला नाही, तर सोबतीमुळे टळला म्हणतो. आला, तर मणी खरा ठरला म्हणतो. चुकला म्हणायला जागाच उरलेली नाही."

"मग मला एकटी सोडा. नऊ दिवस. होऊन जाऊ दे परीक्षा."

"पिवळ्या माणसाचा होकार धरता येत नाही, हेमांगी."

"मी हिरवी असताना आधीच लिहून ठेवलं तर?"

"कायद्यात तीच दुरुस्ती तर तू गुरुवारी मागणार होतीस ना?"

हेमांगी हसली, पण ते हसू लगेच विरलं. यामिनींनी तिचा हात हातात घेतला. "खरं सांगू? कायद्यानं परवानगी दिली असती, तरी तुला एकटं सोडायची माझी हिंमत झाली नसती. मला उज्ज्वला आठवते."

गुरुवारी पुण्याला हक्क आयोगासमोर यामिनी एकट्याच गेल्या. हेमांगीला घरून पडद्यावर बोलण्याची मुभा मिळाली. तिच्या नावाशेजारी पिवळा ठिपका होता. पंधरा मिनिटं ती एकेक वाक्य तोलून, आवाज सपाट ठेवून बोलली. राग गिळायला इतका जोर लागत होता की शेवटी तिचा जबडा दुखू लागला.

"ताई, तुमचं म्हणणं अगदी मुद्देसूद आहे," अध्यक्ष अदबीने म्हणाले. "पण आज ते नोंदीवर घेता येणार नाही. कायदा तुमच्याच संरक्षणासाठी आहे. पुढची तारीख जूनमध्ये आहे. तेव्हा जरूर या."

"आणि तेव्हाही पिवळी असले तर? मग मी बोलायचं तरी कधी?" तिचा आवाज चढला.

भाभींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मणी आणखी गरम झाला होता. नियमाप्रमाणे नऊ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात झाली.

त्या दिवसांत तिला कुणी दुखावलं नाही. सोबतमंडळातले निवृत्त पोस्टमास्तर दत्तोबा शेवाळे तिच्याशी पत्ते खेळत आणि मुद्दाम हरत. ती न्हाणीघरात जरा जास्त वेळ थांबली की बाहेरून प्रेमळ हाक येई. ती गप्प बसली की भाभी आणि दत्तोबा एकमेकांकडे बघत, बोलू लागली तरी बघत. चिडायचं कुणावर, हे तिला कळेना. आणि चिडलेलं चालणारही नव्हतं.

तेराव्या दिवशी ठिपका हिरवा झाला. भाभींनी शिरा केला. "वाचलीस पोरी," दत्तोबा म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. सरकारी नोंदीत तिच्या नावापुढे 'लाट टळली' असं लिहिलं गेलं. वर्षाच्या अहवालात मण्याच्या यशात एकाची भर पडली.

तीन आठवडे गेले. गळीत हंगाम ऐन भरात होता. एका सकाळी हेमांगीने सत्तर नमुने जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळे केले. खिडकीतून मळीचा गोडसर उग्र वास येत होता, आणि काही कारण नसताना तिला फार बरं वाटलं. ती गुणगुणू लागली.

"आज मॅडम खुशीत दिसतायत," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली.

हेमांगीच्या हातातली काचेची नळी थांबली. ही खुशी साधी आहे की त्या लाटेची पहिली चाहूल? मागच्या वेळी तरी काय होतं? मणी चुकला होता, की सगळ्यांनी मिळून तिला खरंच वाचवलं होतं? हे पडताळून बघायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. यंत्राजवळही नव्हतं, यामिनीताईंजवळही नव्हतं. तिने कानामागे बोट नेलं. मणी गार होता. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना.

संध्याकाळी ती स्वतःच्या घरी न जाता भाभींच्या दारात उभी राहिली.

"काय गं? काय झालं?" भाभींनी घाईने फोन बघितला. "हिरवाच तर आहे."

"हो, हिरवाच आहे." हेमांगीने मान खाली घातली. "पण भाभी, आज मी फार आनंदात आहे. राहायला येता का?"