अठ्ठाविसावी वाडी

तालिसान शहराच्या स्थापनादिनाची सुट्टी मनिलाहून जाहीर होई, पण तिचा मसुदा मेयरच्या कचेरीतला कारकून रुफिनो लिही. ‘नागरिकांना उत्सवात सहभागी होण्याची पूर्ण संधी मिळावी’ हे वाक्य तो बावीस वर्षं उतरवत आला होता आणि दरवर्षी मनात थुंकत होता. कसला उत्सव! मेयरच्या फोटोखाली मेयरचंच भाषण, आणि टाळ्या वाजवायला शाळेची पोरं.

मसुद्यात शहराच्या अठ्ठावीस वाड्यांची नावं असत. या वर्षी मेयर ओर्तालेसांनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं. ‘काविल’.

“हे खोड. नऊ वर्षं ज्वालामुखीच्या राखचिखलाखाली आहे ती वाडी. यादीतून गेली की वाळूच्या खाणीला परवानगी मिळते. सुट्टी संपली की यंत्रं लावतो.”

त्या चिखलाखाली रुफिनोची थोरली बहीण होती, लहानखुरी लिगाया. ती सापडलीच नव्हती.

“जी, मेयरसाहेब,” रुफिनो म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं नाव खोडलं. मेयरपेक्षा त्याला स्वतःचीच किळस आली.

मनिलाहून सही-शिक्क्यानिशी जाहीरनामा आला. त्यात अठ्ठावीस नावं होती. रुफिनोच्या प्रतीत सत्तावीसच.

“मनिलातली माकडं!” मेयर खेकसले. “रुफिनो, चौकात वाड्यांची हजेरी घेताना तेवढं गाळ.”

टायपिस्ट तेरेसिंग हसली. “सही झालीय, साहेब. म्हणजे काविलवाल्यांनाही सुट्टीच की!”

सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला चौक भरला. नाव पुकारलं की त्या वाडीचं पथक ओरडे, “हजर!” रुफिनोनं सत्तावीस नावं वाचली आणि कागदाची घडी घातली.

बँड थांबला. पण ढोल वाजतच राहिला. ढोलवाल्याचे हात मात्र खाली होते.

ओल्या राखेचा वास आला.

नदीकडच्या रस्त्यावर कुणीच नव्हतं. तरी कडेला उभी असलेली माणसं एकेक पाऊल मागे सरकली, वाट देतात तशी.

मेयरांच्या कपाळावर घाम आला होता. “वाच,” ते पुटपुटले. “अरे, वाच ना!”

रुफिनोनं घडी उलगडली. “काविल.”

“हजर!”

रिकामा रस्ता एका आवाजात ओरडला. त्यात एक आवाज जरा मागे रेंगाळला. लिगाया प्रत्येक शब्द असाच लांबवायची.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली. मेयरांचा निरोप आला: खाणीचं राहू द्या, यंत्रं आणू नका.

तेरेसिंग पायऱ्यांवर पोछा घेऊन उभी होती. करड्या चिखलाची अनवाणी पावलं नदीकडून चौकात आणि चौकातून कचेरीत आली होती.

“रुफिनोदादा, येताना दिसतात रे,” ती म्हणाली. “गेली कुठून?”

रुफिनो आत आपल्या टेबलापाशी गेला. टेबलाखाली दोन लहानखुरी पावलं होती, बोटं त्याच्या खुर्चीकडे वळलेली. चिखल अजून ओला होता.